खालची कोठी

३ मार्च
पोचले एकदाची! खोली काडेपेटीएवढी, पण खिडकी थेट कोरड्या गोदीवर उघडते. खाली माझं जहाज. गाळातून वर काढलेला लाकडी सांगाडा, अर्धा कुजलेला, तरी ऐटीत उभा. परदेशी व्यापाऱ्यांनी या किनाऱ्यावर पहिल्या वखारी घातल्या, त्या काळातलं. ते कुणाचं, कसं बुडालं, हे शोधायला संग्रहालयानं मला बोलावलंय. घरमालकीण काकूंनी चहा दिला आणि अभिमानानं सांगितलं, की गावातली जुनी घराणी याच जहाजावरच्या खलाशांची. वादळात ते फुटलं, पण देवानं सगळ्यांना वाचवलं.

६ मार्च
वादळ काही गळी उतरत नाही. जहाजाच्या कुशीतलं भोक कुऱ्हाडीचं आहे. खालच्या कोठीच्या झाकणाला कडी बाहेरून, आणि आतल्या अंगाला नखांचे ओरखडे. काही फार लहान बोटांचे. कोठीत माल नव्हता, माणसं होती. खलाशांनीच त्यांना कोंडून जहाज बुडवलं आणि स्वतः किनारा गाठला.
संग्रहालयाच्या अध्यक्षांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “बाई, तुम्ही पाहुण्या आहात. वादळ लिहा आणि सुखानं घरी जा.”
मी जे दिसलं तेच लिहीन म्हटलं.

९ मार्च
पाववाल्यानं समोर पाव मांडलेले असताना संपले म्हणून सांगितलं. काकूंनी माझी बॅग जिन्यात आणून ठेवली. गोदीतला सुतार वाटेत आडवा आला. म्हणाला, त्यांना इतकी वर्षं कसंबसं गप्प ठेवलंय, तुम्ही उठवू नका. कुणाला, ते सांगेना.

११ मार्च
झाकणाच्या आत नवे ओरखडे. भुसा ताजा, ओला. कुणीतरी मला घाबरवतंय, दुसरं काय. दादाला फोन केला. उद्या न्यायला येतोय.

१२ मार्च
सकाळी अध्यक्ष आले. नरमलेले. ओरखडे दाखवा म्हणाले. मी मूर्खासारखी आधी उतरले —
झाकण पडलं. कडी लागली. वर काकूंचा आवाज, सुताराचा. गोदीत पाणी सोडलंय. फोनला रेंज नाही, नुसता उजेड.

पाणी गुडघ्यापर्यंत.
मी एकटी नाही. दाटीवाटीनं बसलेत. माझ्याकडे बघतही नाहीत. सगळ्यांचे डोळे वर —

आता उठलेत. झाकण ओरबाडतायत. मीही. नखं —

फळी फुटली. ते वर चढतायत, माझ्या अंगावरून. वर किंकाळ्या. काकूंची ओळखली. मग —

दादाचा आवाज. मला हाका मारतोय. मी ओरडतेय, पळ, इकडे येऊ नको — त्यांना कळत नाही कोण गावचा, कोण — दादा —