सगळं एकदम चार्जिंगला

१० फेब्रुवारी, मंगळवार
आमच्या लेकीचा, ऋतिकाचा, एम.एस्सी.चा सेमिनार परवा, घरूनच ऑनलाइन. विषय: क्वांटम बॅटरी चार्ज करायच्या पद्धती. एकेक सेल वेगळा भरण्यापेक्षा सगळे एकमेकांत गुंतवून भरले तर फार लवकर भरतात म्हणे. मला लगेच कळलं. शेवटी मीही बी.एस्सी. आहे. उद्यापासून तिला रोज एक तास मार्गदर्शन.

११ फेब्रुवारी, रात्री
मार्गदर्शन राहिलं. मॅच होती. ती दोन रात्री जागलीये. उद्या सकाळी सहापासून आमच्या बोळिंज भागातली लाइट मेंटेनन्ससाठी बंद, लॅपटॉपची बॅटरी जुनी. मीच म्हटलं, तू झोप, चार्जिंग माझ्याकडे.

एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लॅपटॉप, सगळ्यांचे फोन, माझा ट्रिमर, स्कूटरची बॅटरी. समोरच्या पास्कलकाकांनाही त्यांच्या स्कूटरची बॅटरी वर आणायला लावली. जितकं जास्त तितकं लवकर. बायको, विनया, म्हणाली, एका बोर्डावर एवढं नको. आर्ट्सवाल्यांना समजावणं कठीण.

१२ फेब्रुवारी, सकाळी
लॅपटॉप बंद. फोन बंद. हॉलचा एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा खटका, लोडने पडलेला. कुणी बघायच्या आत वर केला, पण लाइट सहालाच गेलेली.
ऋतिकाला म्हटलं, कंपनीने लाइट रात्रीच घालवली असणार. ती फ्रिज उघडून म्हणाली, बर्फ अजून कडक आहे. मी म्हटलं, फ्रिज चांगला आहे.

दुपारी
ऋतिका सेमिनारमध्ये पास्कलकाकांच्या घरच्या थेरेसाकाकूंच्या फोनवरून बोलली. आलेख सगळे लॅपटॉपमध्ये अडकलेले. मध्येच आवाज फुटला तिचा. मी दाराआड उभा होतो. पास्कलकाका ड्युटीला रिक्षाने गेले, वर मला थँक्यू म्हणून. संध्याकाळी सगळं खरं सांगणार. नक्की.

संध्याकाळी
सरांनी तिला उद्या पुन्हा संधी दिली! म्हणजे नुकसान काहीच नाही. मग उगाच सांगून तिचं मन कशाला विचलित करा? लाइटही आली. आज फक्त लॅपटॉप लावायचा, एकटा. बोर्ड पुसून ठेवला.

रात्री
ऋतिका लॅपटॉप आणि चार्जर उचलून थेरेसाकाकूंकडे ठेवून आली. मी बोर्ड हातात घेऊन उभाच होतो. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, बाबा, तू झोप.