काकूंच्या हवाली शंखमंडळी

६ एप्रिल १९८३
भाऊजी सकाळी ड्यूटीवरून थेट इकडेच. मुंबईहून समुद्राच्या पाण्याचे कॅन, आणि स्टीलच्या डब्यात ओल्या रेतीत शंखगोगलगायी. डबा ताईच्या स्वयंपाकघरातला, उचलून आणलाय हे तिला अजून ठाऊक नाही. काचेच्या टाकीत सोडल्याबरोबर मंडळी रेतीत गडप. चिमूटभर सुका जवळा टाकला, तर रेतीतून एकेक बारीक सोंड वर! उरलंसुरलं, मेलेलं, सडकं, सगळं साफ करतात. ह्यांच्याशिवाय खारं पाणी नासतं, हे मागच्या वर्षी शिकले.
चहासुद्धा न घेता गेला भला माणूस. गार्डाच्या डब्यातून समुद्र आणणारा मेहुणा कोणाला मिळतो?

१४ एप्रिल
खालच्या काकू, म्हणजे घरमालकीणबाई, पदर नाकाला लावून टाकी पाहून गेल्या.
"हे मासोळीतच आलं ना वं?"
"शंख आहेत काकू. घाण खातात, वास येऊ देत नाहीत."
"वास आला का त्याच दिवशी टाकी अंगनात. सांगून ठेवते."
कबूल. भाड्याची खोली शोधताना आडनाव ऐकून दारं लागत होती, तेव्हा काकूंनी आडनाव न विचारता किल्ली हातात ठेवली. अट एकच, घरात मासोळी शिजवायची नाही. पाळायची नाही असं काही म्हणाल्या नव्हत्या. एवढी चलाखी माझी.

२८ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. टाकीला ओलं फडकं गुंडाळलं, माठाला गुंडाळतो तसं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून रोज साधंच पाणी. शंखमंडळी मजेत. खडकाला चिकटलेलं समुद्रफूल, नावाचंच फूल, आहे प्राणीच, छान उमललंय.
शाळा सुटली की हल्ली घरी यायची घाई होते. कोणीतरी वाट पाहतंय असं… मूर्खपणा आहे. पण बरं वाटतं.

३ मे
पारशिवनीहून निरोप. आई पडली, मांडीला जबर मार. उद्या पहाटेच्या गाडीनं निघणार. भाऊजी बाहेरगावी. टाकी कोणावर सोपवू? शेवटी काकूंनाच विचारलं, मान खाली घालून.
"मी त्या जवळ्याच्या पुडीले हात लावू?"
"चिमट्यानं टाका काकू. दिवसाआड, चिमूटभर. आणि काचेवरच्या खुणेपर्यंत साधं पाणी."
हो म्हणाल्या नाहीत. पण पुडी ठेवून घेतली. स्वयंपाकघरापासून लांब, जिन्यात.

१७ मे
परतले. आई काठी धरून उभी राहते आता. हायसं वाटलं.
इथे मात्र फाटकातच वास. धावत वर. टाकी जागच्या जागी. पाणी ताकासारखं पांढरं, समुद्रफूल आकसून सुपारीएवढं, शंखमंडळींपैकी कोणी वर नाही. फडकं मात्र गच्च ओलं. पुडी रिकामी.
काकू जिन्यात बसलेल्या, डोळे सुजलेले.
"पुडी कशी संपली, काकू?"
"तू म्हनत होती चिमूटभर. एवढुश्यानं कोनाचं पोट भरते वं? माह्या भरवशावर ठेवलेले जीव. मी वाटीभर टाकत होती. टाकलं का आंघोळ करत होती."
मे महिन्यात, नळाला धार नसताना, दर वेळी आंघोळ! आणि एवढ्या वासात टाकी अंगणात काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मला राग यायला हवा होता. रडू आलं.

१८ मे
अर्धं पाणी उपसलं, राखून ठेवलेला कॅन ओतला. काळी पडलेली रेती काढली. बादल्या काकूंनी नेल्या. आज नाकाला पदर नव्हता.
"मीच मारले काय वं?"
"नाही काकू. जेवण जास्त झालं त्यांना."
किती उरलेत, मलाही कुठे माहीत होतं. काढलेल्या रेतीत काही शंख रिकामे निघाले. दाखवायचं धैर्य झालं नाही.

२१ मे
पाणी नितळलं. रेतीत हालचाल नाही. नवी पुडी आणली, पण जवळा तसाच पडून, काढून टाकला. काकू नीट जेवत नाहीत. विचारलं, तर "उन्हानं भूकच नाही." तरी माझ्यासाठी पन्हं वर पाठवून… काय बोलावं ह्या बाईला.

२३ मे
वास गेला. दुपारी जवळ्याचा एक कण टाकून बसले. बराच वेळ काही नाही. उठणार, तेवढ्यात कोपऱ्यातली रेती हलली. सोंड वर. मागोमाग एक शंख, डुलत डुलत.
मी जिन्यातून ओरडले. काकू कणकेच्या हातांनी तशाच वर आल्या. काचेपाशी उभ्या राहिल्या. ह्या घरात मला जागा मिळाली, नशीब थोर माझं.
मग माझ्याकडे वळून,
"हा एकच काहून? बाकीच्यायले हाक मार ना वं."