कालच्या प्रार्थनेतली कबुली

अहो,

मी शमुवेलभावजींना आणायला देवळाली कॅम्पला चाललेय. वांग्याची भाजी झाकून ठेवलीय.

रोज प्रार्थनेआधी दिवसाची एक चूक कबूल करायची, हा आपल्या घरचा नेम. नऊ वर्षं तुम्ही ‘रिक्षावाल्यावर ओरडलो’ एवढ्यावरच देवाची बोळवण केलीत; मी सगळं मोजलंय हो! काल मात्र म्हणालात, “आईच्या दफनाला धाकट्याला मी येऊ दिलं नाही. चूक माझीच.” अभिमानाने मला जेवण सुचेना. एवढं बोलायला छाती लागते.

प्रभूने क्षमा केलीच आहे, पण भावजींच्या कानावर ते कोण घालणार? मी नाही. आम्ही आलो की दार तुम्हीच उघडा आणि कालचं वाक्य जसंच्या तसं म्हणा. आजची कबुली त्यातच धरीन.

तुमची मार्था