पाण्यात सोडलेल्या सात वह्या

श्रूजबरी, अमेरिका, १९८७चा उन्हाळा

जो सर्वांच्या अंतरी बसून सारे पाहतो, त्या नारायणाने मला आज खरे लिहिण्याचे बळ द्यावे.

प्रिय सुमती,

काल शेजारचे वॉल्टर आले होते, म्हणून हे पत्र. गावच्या बेसबॉल संघाचा इतिहास छापायचा आहे. त्यात प्रत्येक पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, कितींना बाद केले, किती धावा दिल्या, हे सारे हवे आहे. संघाची जुनी दप्तरे तळघरातल्या ओलीने कुजली. "तुमच्या मिसेसच्या वह्या द्या," ते म्हणाले. "आमची बेरीज चुकली की आम्ही त्यांच्याकडेच जायचो."



उन्हाळ्यातल्या संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन तू मैदानाकडे जात असस. झाडाखाली जप करतेस, असे मी धरून चाललो. एकदा विचारले, तर म्हणालीस, "तुमच्या ग्रंथांत सगळं आहे, मी कुठं बसते तेवढं नाही." मी हसलो आणि पुन्हा वाचू लागलो. उठून तुझ्यामागे का आलो नाही?

तू गेल्यावर कपाटात सात वह्या मिळाल्या. पानाच्या माथ्याशी श्री, खाली बारीक उभ्या रेघा आणि ठिपके. मला तो लिहून मोजलेला जप वाटला. असे पवित्र कागद रद्दीत टाकू नयेत, पाण्यात सोडावेत, हा आपला शिरस्ता. तुझ्या अस्थींबरोबर मी त्याही सोडल्या. शाई पाण्यावर पसरत होती आणि मी मंत्र म्हणत होतो. आता संध्येला डोळे मिटले की ती शाईच दिसते. कधी कधी त्या रेघा मोजू लागतो, आणि त्या विरतात.

वॉल्टर गेल्यावर आपली माधवी म्हणाली, "बाबा, आई दर मॅचचा स्कोअर लिहायची, दर उन्हाळ्याला एक वही. तुम्ही एक पान तरी नीट वाचलंत का?"

नाही वाचले. साक्षीभावावर दर रविवारी मी प्रवचन करीत होतो. साक्षी तर तू होतीस.

वॉल्टर स्वतः डावखुरे पिचर. "एका उन्हाळ्यात माझा चेंडू कुणाच्या बॅटला लागतच नव्हता," ते सांगत होते. "बायको म्हणते, थापा मारू नकोस. आता तुमच्या मिसेसची वहीच तिच्यापुढे ठेवतो." त्यांच्या डोळ्यांतली आशा पाहून मी म्हणालो, "शोधून ठेवतो." सुमती, या वयात मी खोटे बोललो. तू जवळ असतीस, तर मला बोलू दिले असतेस का?

उद्या ते वह्या न्यायला येतील. त्याआधी मीच त्यांच्या दारी जाईन आणि त्यांच्या पत्नीदेखत सारे सांगेन. त्या सात उन्हाळ्यांचे रकाने कोरेच छापा, म्हणेन, आणि खाली लिहा: नोंदी सुमतीने ठेवल्या होत्या, तिच्या नवऱ्याने त्या न वाचता बुडवल्या. हे माझे तुला वचन.

तुझा,
विनायक

हे पत्र ज्यांच्या हाती पडेल, त्या सर्वांना आपले माणूस जवळ बसलेले असतानाच त्याला वाचण्याची बुद्धी परमेश्वर देवो.