जावयाच्या केबिनचं अस्तर

१२ ऑक्टोबर, रविवार

वही, माफ कर, फार उशिरा लिहायला बसलो. पितृपक्ष संपल्यापासून तुला उघडलंच नाही. आधी सर्दी, मग चष्मा सापडेना. आणि रिकामा माणूस लिहिणार तरी काय? गोळी घेतली. कचरा चुकीच्या डब्यात टाकला. खालची बाई बोलली.

आज मात्र आहे लिहिण्यासारखं. मला काम मिळालं.

जेवताना नीना म्हणाली, "तात्या, सारखं काम द्या, काम द्या म्हणता ना? मिलनच्या ट्रकची केबिन आतून करून द्या. आवाज फार येतो, आणि थंडी तर विचारू नका. हिवाळ्यात झोपायचं कसं त्यानं?"

मी जावयाकडे पाहिलं. तो ताटातच बघत होता. "हो, तात्या," म्हणाला. "झालं तर सुपर होईल."

नवऱ्याच्या झोपेची एवढी काळजी करते पोर. तिची आई, कुमुदिनी, अशीच होती. माझं जेवण शेडवर पाठवताना भाकरी फडक्यात, फडकं टॉवेलात गुंडाळायची, गार होऊ नये म्हणून.

यांचं लग्न झालं त्या वर्षी कुमुदिनी दवाखान्यात. जावयाचा दिवाळसण राहिला तो राहिलाच. अंगठी नाही, कपडे नाहीत. मनाला लागून होतं. आता हाच दिवाळसण. सातवीनंतर दाभण हातात आलं, कराडच्या शेडमध्ये जन्मभर ट्रकचं गादीकाम केलं. दुसरं काय देणार मी?


१४ ऑक्टोबर, मंगळवार

रात्री एकच विचार — ट्रक इथला, जर्मनीतला, पत्रा इथला, आपल्याला जमेल का? तोंडावर पडलो तर जावई काय म्हणेल?


१८ ऑक्टोबर, शनिवार

ट्रक गावाबाहेरच्या यार्डात उभा असतो. मिलन स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. आठवडाभर स्वीडनपर्यंत फेऱ्या, शनिवारी इथे येतो. रविवारी मोठ्या गाड्यांना बंदी, रात्री दहाला सुटते, मग निघतो. शनिवारची झोपही ट्रकमध्येच. डिझेल चोरतात म्हणाला. असेल. चोर सगळीकडे आहेत.

आज सीटा काढल्या, खालची चटई उचलली. इंजिन बरोबर केबिनच्या खाली, मध्ये त्याचं कुबड वर आलेलं. सगळा आवाज तिथून. आणि थंडी छतातून, मागच्या भिंतीतून. पत्रा आतून उघडाच. हीटर लावला की उशाशी पिठाची गिरणी चालू, बंद केला की श्वासाचं पाणी पत्र्यावर गोठतं. कसा झोपत असेल?

पत्र्यावर टिचकी मारली, ठण्ण वाजला. डांबरासारखा काळा चिकट तक्ता लावला, दाबला, परत टिचकी मारली. ठप्. मिलननं पण मारून बघितली. मग दुसऱ्या दारावर मारली, मग परत इथे. लहान मुलासारखा.

"तात्या, हे जादू आहे."

"जादू नाही, वजन आहे. पत्र्याला वजन दिलं की तो बोलायचा थांबतो."

दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती मोकळी ठेवली. बुजली तर दार आतून सडतं. ठेवली ना सगळी? पुढच्या शनिवारी परत बघायला हवं.


२५ ऑक्टोबर, शनिवार

इथे सगळे सण शनिवारी येतात. पाडवा बुधवारीच झाला, आम्ही आज केला.

नीना म्हणत होती, "राहू द्या ना तात्या, तो दमलाय." मी हट्ट धरला. पाडव्याला बायकोनं ओवाळायचं नाही तर कुणी? पाट मांडला, निरांजन लावलं. मिलन बसला टोपी घालून. तिनं ओवाळलं. नजर निरांजनावरच होती, मला वाटलं ज्योत विझू नये म्हणून. त्यानं तबकात पाकीट ठेवलं. "डांके," म्हणाली ती, इथलं थँक्यू. आम्ही हसलो. म्हणजे मी हसलो.

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, केबिन हा माझ्याकडून दिवाळसण. मिलन उठला आणि वाकून नमस्कार केला. कार्ल्सरूहेत वाढलेलं पोर, मराठी अर्धं बोलतं, पण नमस्कार पुरा केला.

कुमुदिनीनं बघायला हवं होतं.


१ नोव्हेंबर, शनिवार

छत आणि मागची भिंत झाली. फोम नको म्हटलं, घाम धरतो. नीनानं दुकानातून मेंढीच्या लोकरीचे जाड पट्टे आणले, घरांच्या भिंतीत भरतात ते. उघडले तर घोंगडीचा वास. वर रेक्झिन, त्यावर शंकरपाळीसारखी टीप. हातानं. मशीन तिथे कुठलं?

मिलन नाक फेंदारून म्हणाला, "तात्या, केबिनला बकरीचा वास येतो."

"मेंढीचा. बकरीची लोकर बघितलीस कुठे?"

"मी ट्रकवाला आहे, मेंढपाळ नाही."

"झोपशील तेव्हा कळेल कोण आहेस."

दार लावून आत बसलो दोघं. बाहेर एक गाडी मागे येत होती, तिची टूं टूं कुठल्या कुठे गेली. आपलाच श्वास ऐकू येत होता. त्यानं छताच्या टिपेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "घरासारखं झालं."

मला किती बरं वाटलं.


८ नोव्हेंबर, शनिवार

बिछान्याखालच्या पेटीला तळाशी लोकर लावायची राहिली होती. मिलन आंघोळीला घरी गेला होता. फळी उचलली.

आत त्याचे दोन्ही हिवाळी कोट. कामाचे नव्हेत, चांगले. लग्नातला शेला, कागदात गुंडाळलेला. कुकर. शाळेत असतानाची क्रिकेटची बॅट. उन्हाळी चपला. शुभाताईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, त्याला दिलेला छोटा गणपती, मोज्यात घालून ठेवलेला.

स्वीडनच्या फेरीला बॅट कशाला?

लोकर लावली. सगळं होतं तसं परत ठेवलं. विचारलं नाही. घरात जागा कमी आहे, माझ्यामुळे. माझ्या खोलीत आधी कपाट होतं म्हणे. त्याचं सामान माझ्यापायी ट्रकमध्ये गेलं, असंच असणार. लाज वाटली.


९ नोव्हेंबर, रविवार

नीनाला म्हटलं, माझी खोली द्या त्याला, मी हॉलमध्ये पडेन. ती म्हणाली, "काहीतरीच काय तात्या," आणि नळ जोरात सोडला.


११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी शुभाताईंचा फोन. दिवाळीच्या शुभेच्छा उशिरा दिल्या म्हणून माफी मागत होत्या. मग आवाज एकदम भरून आला.

"तात्या, तुमचे उपकार कसे फेडू? दुसरा कुणी असता तर तोंड बघितलं नसतं माझ्या मुलाचं. आणि तुम्ही त्याच्या निजण्याची सोय करताय. मी म्हणत होते, इकडे ये, कार्ल्सरूहेला ये. ऐकत नाही. म्हणतो, शनिवारी तात्या वाट बघतात."

मी हूं हूं करत होतो.

"कोर्टाचं होईल तेव्हा होईल हो. पण हा हिवाळा पोरगं कुठे काढणार होतं, सांगा?"

काय बोललो आठवत नाही. गोळी घेतली. मग वाटलं, आधीच घेतली होती. तिसरी घेतली नाही, एवढं नक्की.


१२ नोव्हेंबर, बुधवार

नीना ऑफिसातून आली, बूट काढत होती. विचारलं, "मिलन कुठे राहतो?"

"म्हणजे? कामावर आहे."

"राहतो कुठे?"

एक बूट काढलेला, एक पायात. तशीच बसली. "कुणी सांगितलं?"

"हे उत्तर झालं?"

मग बोलली. इथे कायदा आहे, ट्रेनुंग्सयार म्हणतात. नवरा-बायकोनं वर्षभर वेगळं राहायचं, मग कोर्ट घटस्फोटाचं बघतं. जानेवारीत वर्ष होईल.

"मी आलो तेव्हा?"

"तेव्हा तो बाहेर पडला होता."

"आणि दर रविवारी जेवायला येतो तो?"

"तुमच्यासाठी. त्याचंच म्हणणं. आई गेल्यावर तुम्ही इकडे आलात, त्यात हे. तात्यांना धक्का बसेल म्हणाला."

"भांडण कशावरून?"

"भांडण नाही हो. तो आठवडाभर रस्त्यावर, मी ऑफिसात. एका शनिवारी त्यानं बेल वाजवली, आणि मला वाटलं पाहुणे आले. एवढंच."

एवढंच! कराडला मी चार-चार दिवस शेडवर राहायचो. कुमुदिनीला कधी पाहुणा वाटलो नाही. वाटलो असेन तर बोलली नाही.

"आणि पाडवा? दिव्यासमोर बसून खोटं केलंत?"

"तुम्हीच मागे लागलात, तात्या. मी काय म्हणायला हवं होतं?"

खरं म्हणायला हवं होतं. पण ती रडत होती.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

विहीणबाईंना माहीत. कोर्टाला माहीत. खालच्या बाईलाही असणार, ती मिलनशी कधी बोलत नाही. मलाच तेवढं माहीत नाही. लांबच्या चुलत्यासारखं मला कोपऱ्यात बसवून वाढत होते.

आणि मी टाके घालत होतो. माझ्या मुलीचा नवरा घराबाहेर सुखानं राहावा म्हणून, माझ्या हातानं!


१५ नोव्हेंबर, शनिवार

मिलन आला. नीना मुद्दाम बाजारात गेली. तो टेबलाशी उभाच राहिला, बस म्हणेपर्यंत.

"तात्या, मी सांगणार होतो."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

त्यानं खुर्ची पुढे ओढली. "नीना म्हणाली केबिन करून घे. मला वाटलं, तात्यांना काम मिळेल, बरं वाटेल. मग तुम्ही दिवाळसण म्हणालात. मग मी… आल्झो, म्हणजे, मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण मला असं कोणी काही शिवून दिलं नाही कधी. मला ते हवं होतं."

"घर हवं होतं की नाही?"

"ते आता माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या?"

तो उठला, जाकीट घातलं. जाताना दारात थांबून विचारलं, "रविवारी जेवायला येऊ, की नको?"

मी पेपर वाचत राहिलो. जर्मन पेपर. मला वाचता येत नाही, त्यालाही माहीत आहे.


१६ नोव्हेंबर, रविवार

आला. जेवला. आमटी खारट झाली होती, तिघांनी संपवली.


२० नोव्हेंबर, गुरुवार

डोकं शांत नाही. सारखा एकच हिशेब.

गेल्या हिवाळ्यात तो बाहेर पडला तेव्हा अर्धी थंडी सरली होती. या वर्षी पुरता हिवाळा आहे. माझं काम नसतं तर त्या पत्र्याच्या डब्यात त्याला झोप लागली नसती. चार रात्री काढल्या असत्या, पाचव्या रात्री बेल वाजवली असती. नीनाला दार उघडावंच लागलं असतं. निजायला जागा दिली असती, सकाळी चहा दिला असता. संसार असेच परत लागतात, मी बघितलेत. जिन्यात निजलेला नवरा पावसामुळे आत घेतलेला बघितलाय.

मीच आडवा आलो. त्याला घराची गरज उरू दिली नाही.


२२ नोव्हेंबर, शनिवार

केलं.

मिलन आंघोळीला घरी आला, कपडे मशीनला लावले. मी किल्ली घेतली, यार्डात फेरी मारून येतो म्हटलं. "जपून तात्या, बर्फ आहे," म्हणाला.

चामडं कापायची रापी घेतली. छत सोडवलं, मग मागची भिंत, उशाची. आपलेच टाके उसवायला हाताला जड जातं. चांगले घातले होते, सुटेनात. एका ठिकाणी रेक्झिन फाटलं. पत्रा उघडा पडला, हात लावला तर चिकटला. लोकर दोन पोत्यांत भरून आणली आणि तळघरात ठेवली, बटाट्यांच्या मागे. खालच्या बाईनं बघितलं. बघू दे.

तो गेला तेव्हा अंधार पडला होता. मी खिडकीत. आता येईल, दार वाजवेल, विचारेल. उत्तर तयार ठेवलं होतं — "वर झोप, इथे ऊब आहे."


२३ नोव्हेंबर, रविवार

जेवायला आला नाही. नीना म्हणाली, झोपला असेल. त्याचं ताट मांडलं होतं, ते मी उचललं नाही.

संध्याकाळी यार्डापर्यंत गेलो. ट्रक उभा होता, पडदे लावलेले. दारावर थाप मारणार होतो. मारली नाही. तो मला काय म्हणेल या भीतीनं नाही. तो काहीच म्हणणार नाही, या भीतीनं.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

उणे नऊ. स्वीडनकडे त्याहून खाली. मिलनचा फोन रविवार रात्रीपासून बंद. माल जिथे उतरवायचा होता तिथे तो पोचलेला नाही.

नीना कामावर गेली नाही. घरभर फिरते, फोन लावते, ठेवते, परत लावते. त्याचा जुना स्वेटर घातलाय तिनं, कुठून काढला कोण जाणे. आत्ता माझ्यापाशी येऊन बसली, माझा हात धरला.

"तात्या, केबिनमध्ये ऊब आहे ना हो? तुम्ही केलीय ती. गाडी कुठे अडकली असली तरी त्याला थंडी नाही ना वाजणार?"

मी हो म्हणालो. तिला धक्का बसला असता.

मिलन, मला फोनवर लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो. लोकर तळघरात आहे, कोरडी आहे. ये, मी परत लावून देतो. घरी राहा नाहीतर राहू नकोस. कुठे आहेस तेवढं कळव. लवकर कळव.