बाबांनी निवडलेली गाडी

बाबा,

मी झोपतेय. चहा थर्मासमध्ये आहे.

पहाटे टेकडीवरच्या वस्तीतून बाळंतपणासाठी बोलावणं आलं. चिखलात पुढची चाकं नुसती फिरत राहिली, पण मागच्या चाकांनी रेटा दिला आणि गाडी चढली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

गाडी घेताना मी दुसऱ्याच एका चकचकीत गाडीवर भाळले होते. कुठली सारखी बिघडते, कुठलीचे सुटे भाग परवडतात, हे विचारत तुम्ही सगळी गॅरेजं पालथी घातलीत. "ही दिसायला साधी आहे, पण दगा देणार नाही," म्हणालात. तुमच्यामुळेच आज वेळेवर पोचले.

एक टायर फाटलाय. चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेल्या गाडीला एकटा नवा टायर चालत नाही, चारही सारखे लागतात ना? दुपारी गॅरेजात जाऊ. आता नीट दिसत नाही, मी येऊन काय करू, असं म्हणू नका. मेस्त्रीशी तुम्हीच बोला. मला तो गुंडाळतो.

तुमची सून