‘परत’चा रकाना

११ नोव्हेंबर

त्या दिवशी नळ सहाला आला होता. दोन पिंपं भरली, चार कळश्या, मोरीतली बादली. मग कळण्याच्या भाकरी टाकल्या. आदल्या दिवशीचं भरीत उरलं होतं, ते डब्यात घातलं. ह्यांच्या शर्टाचं वरून दुसरं बटण लोंबत होतं, ते अंगावरच शिवलं आणि दोरा दातानं तोडला. "हलू नका, टोचेल." मोटारसायकलला कीक मारता मारता म्हणाले, "धुळे जाई येस. परत देखनं शे माले." मी म्हटलं, किती वेळा बघाल! एकदा बघून पोट भरत नाही का? ते हसले नाहीत. एरवी हसायचे.

साडेदहाला फोन आला. एरंडोलच्या पुढे.

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. रजा घेतली नाही, घरी बसून काय करू? सकाळी नेहमीसारखी ह्यांच्या खुर्चीवर बसले. काळ्या पडद्यावर ह्यांच्या वहीतली ओळ टाइप केली — कमांडचं नाव, सर्व्हरचं नाव, एक आडवी रेघ, मग एस. एंटर. चार आकडे येतात. ते रजिस्टरमध्ये ह्यांनी आखलेल्या रकान्यांत उतरवायचे. गेले. थांबले. परत. वेळ. खाली लिहायचं ‘समाधानकारक’, आणि सही.

आठ महिने हेच करते आहे. जळगावचं रक्तकेंद्र आणि धुळ्याची देवपूरची शाखा, दोन्हीकडची प्रत्येक रक्तपिशवी या सर्व्हरवर चढते. कुठून आली, कशी आहे, कोणाला दिली. तो मंदावला तर बठ्ठं, सगळंच अडतं.

ह्यांच्या शेवटच्या पानावर ‘परत’खाली २, ३, ५, ९. नवाभोवती पेन्सिलीचा गोल. बाजूला — ‘४ ते ५?’ मला वाटतं चहाची वेळ असेल.

आज चार वाजता डोळे मिटून बसले होते. सर्व्हर घरघरत होता.

१२ नोव्हेंबर

परत ३६. समाधानकारक.

१४ नोव्हेंबर

आज लहानग्या विधीची रक्ताची पाळी. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, जन्मापासूनच. केवलचंद शेठजींनी हे केंद्र काढलं ते नातीसाठीच. आता दहा वर्षांची आहे. पिशवी लागायच्या आधी माझ्या खोलीत येते आणि खुर्ची बळकावते.

"अक्का, एंटर मी मारणार."

मारला. मग तीच मोठ्यानं वाचते — "परत, एक्केचाळीस! अक्का, तुमची परत माझ्या मार्कांपेक्षा जास्त."

तिची आजी धनकुंवरबाई दारातून म्हणाल्या, "गणितात एकतीस पडलेत, ते नाही सांगणार कोणाला!"

शेठजी मागे उभे होते. रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाले, "बघ बाई, परत वाढतंय. म्हणजे धुळ्याचा जबाब बराबर परत येतोय ना. तुझा हिलाल होता तेव्हा दोन-तीन यायचे. तू नशिबाची आहेस."

मलाही तसंच वाटायचं. पाठवलं, पोचलं, परत उत्तर आलं. गेले आठ महिने तो आकडा वाढला की मला बरं वाटतं. ह्यांना सांगावंसं वाटतं.

साडेअकराला विधीला पिशवी लागली. जाताना तिनं मला मेथीचा लाडू दिला. कडू! ती म्हणाली, "मला रोज खावा लागतो, एक तुम्हीपण खा."

१६ नोव्हेंबर

रविवार. ह्यांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी त्या कमांडचं इंग्रजी पुस्तक, छापलेले कागद दोरीनं बांधलेले. आधी दोनदा हातात घेऊन ठेवून दिलं होतं. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतल्या मासिकांवर आणि एका फाटक्या शब्दकोशावर. एका पानाला दीड तास लागला.

एक कळलं. आकडे रोजचे नसतातच! सर्व्हर चालू झाल्यापासूनची बेरीज असते. म्हणजे वाढणारच की. शेठजी उगाच खूश, आणि मीही.

दुसरं — ओळीच्या शेवटी ३६०० लिहिलं की तो दर तासाचे आकडे वेगळे देतो. तासाचे सेकंद छत्तीसशे.

१७ नोव्हेंबर

३६०० लावून ठेवलं. दहा ते अकरा, परत शून्य. अकरा ते बारा, शून्य. दिवसभर शून्य. चार ते पाच — पाच.

पेन्सिलीचा प्रश्न आठवला. ती चहाची वेळ नव्हती.

१८ नोव्हेंबर

आजही. चार ते पाच, सात. बाकी शून्य.

चारला आमच्याकडे काय होतं ते पाहिलं. दिवसभराचं सगळे कागदावर लिहितात आणि चारला एकदम चढवतात. सहा जण, सहा कॉम्प्युटर. पूर्वीपासूनची रीत. ‘वेळ’चा आकडा दोन सेकंदांवरून चाळीसवर जातो. ‘थांबले’ वाढतात. आणि मग ‘परत’.

उत्तर यायला इतका वेळ लागतो, तर गर्दीतच उत्तरं जास्त कशी येतात?

१९ नोव्हेंबर

सापडला. पडद्यावर ‘परत’च्या जागी असलेला इंग्रजी शब्द. पुस्तकात तो तीन पानांवर आहे. शब्द शब्द लावून वहीत लिहिलं, तसंच इथे लिहिते —

नोंद पूर्ण झाली नाही, तर सर्व्हर ती पुसतो आणि सगळं आधी होतं तसं परत करतो.

उत्तर परत येत नाही. नोंद परत फिरते. जणू कोणी लिहिलीच नाही.

ह्यांनी बरोबर शब्द लिहिला होता. आम्ही चुकीचा वाचला. शेठजींनी, व्यवस्थापक अर्पितसरांनी, मी. मी तर खाली ‘समाधानकारक’ लिहिलं — आठ महिने, रोज, निळ्या शाईनं.

भाकरी तव्यावर करपली. "परत देखनं शे माले." पुन्हा बघायचंय असं नव्हतं ते. ‘परत’ बघायचं होतं. कोणाच्या नोंदी फिरतात ते बघायला निघाले होते. आणि मी म्हटलं, एकदा बघून पोट भरत नाही का!

२० नोव्हेंबर

अर्पितसरांकडे गेले. पुस्तक, वही, तासांचे आकडे, सगळं टेबलावर ठेवलं.

"अक्का, हे तुम्ही कधी शिकलात?" कौतुकानंच म्हणाले. मग वाचत गेले तसा चेहरा बदलला.

"कुठल्या नोंदी फिरल्या, हे कळतं का यात?"

"नाही. फक्त किती."

"मग झालं. एखादी स्पेलिंगची दुरुस्ती असेल. सोमवारी तपासणीला माणसं येतायत, अक्का. सर्व्हर बंद करून चालू करा. आकडे शून्य होतात ना?"

मी म्हटलं, आकडा शून्य होईल, झालेलं कसं शून्य होईल?

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "समाधानकारक. समाधानकारक. समाधानकारक. खाली सही कोणाची आहे?"

माझी.

"हिलालभाऊंच्या जागी शेठजींनी तुम्हाला घेतलं. सातवी पास बाईला. आता तुम्हीच सांगा."

पुस्तक-वही उचलून निघाले. विधीची पुढची पाळी पाच डिसेंबरला. सारखं तेच डोक्यात.

२१ नोव्हेंबर

सरांनी स्वतः बंद-चालू केला. परत ०. सगळ्यांनी चहा घेतला.

पाच वाजता परत ६.

२२ नोव्हेंबर

शनिवारची रजा टाकून धुळ्याला गेले. एसटीनं. एरंडोल आलं तेव्हा खिडकीकडे पाहिलं नाही. बाजूची बाई कपाशीच्या वेचणीचं बोलत होती, मी हो हो म्हणत राहिले.

देवपूरच्या शाखेत सुनंदाबाई. आवाजानं ओळखत होते, पहिल्यांदा पाहिली. फोनवर वाटते त्यापेक्षा बारीक. "हिलालभाऊनी बायको शेस ना तू? ये माय, बस." पाणी दिलं, शेव-मुरमुरे पुढे केले.

विचारलं, चार ते पाच तुम्ही काय करता?

"फोन. ज्यांनी रक्त दिलं त्यांना तिसऱ्या दिवशी विचारायचं. दादा, ताप-बीप नाही ना आला? चारनंतरच लोक फोन उचलतात. कोणी म्हणालं आजारी पडलो, की त्याच्या पिशवीला ‘रोखा’ची नोंद मारायची. ती कोणाला द्यायची नाही."

मी मुरमुरे बाजूला सारले.

"नोंद मारल्यावर पडद्यावर काय येतं, सुनंदाबाई?"

"फिरत राहतं. मग इंग्रजीत काहीतरी चौकट येते, खाली ओके. मी ओके दाबते." माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "ओके म्हणजे ओकेच ना, अक्का?"

तिनं एका वहीतही लिहून ठेवलंय — सवय म्हणून. दिवाळीपासून अकरा ‘रोखा’. सर्व्हरवर एकेक नंबर टाकून पाहिला. अकराही पिशव्या ‘देण्यास योग्य’.

शेवटची ओळ अकरा तारखेची. चार वाजून वीस मिनिटं. ‘बायको बोलली, डोळे पिवळे झाले, कावीळ निघाली.’

दिवाळीच्या आधीची वही कुठंय, विचारलं.

"ती? रद्दीत गेली."

मग ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, तू एकटी नाहीस, मी खाली सही करत होते.

२३ नोव्हेंबर

रुचीला घरून बोलावून आणलं. ती आमच्याकडची नर्स. तिला सगळं सांगितलं, ती चपला काढून शीतगृहात शिरली. अकरा नंबर, एक एक. सात पिशव्या सापडल्या. बाजूला काढून त्यावर लाल चिठ्ठी. तीन भुसावळच्या दवाखान्यात गेल्या होत्या. फोन केला. तिथल्या फ्रिजमध्येच आहेत, वापरल्या नाहीत. देव पावला!

दहा झाल्या. अकरावी पिशवी मिळेना. कावीळवाली.

रुची म्हणाली, खालच्या खणात मागे गेली असेल. तिनं सगळा खण रिकामा केला. नाही.

कोणाला काय दिलं त्याचं रजिस्टर अर्पितसरांच्या कपाटात असतं, आणि सर्व्हरवर ते पान माझ्या नावानं उघडत नाही. किल्ली उद्या.

२४ नोव्हेंबर

तपासणीची माणसं अकराला येणार होती. मी नवाला गेले. सरांनी किल्ली दिली नाही. "आज नको, अक्का. उद्या शांतपणे बघू."

मी रजिस्टरमध्ये आजचे आकडे लिहिले. खाली लिहिलं — समाधानकारक नाही. सही केली. मग तेच रजिस्टर घेऊन तपासणीच्या माणसांसमोर उभी राहिले आणि ‘परत’ म्हणजे काय ते सांगितलं. एकदा चुकले, इंग्रजी शब्द नीट उच्चारता आला नाही. त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मराठीतच सांगा."

कपाट त्यांनी उघडायला लावलं. पान माझ्यासमोरच उलटलं.

अकरावी पिशवी. चौदा नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा. विधी.

२५ नोव्हेंबर

आज सकाळी नळाचं पाणी भरलं, भाकरी टाकल्या नाहीत. ह्यांची वही घेऊन शेठजींच्या घरी गेले. विधी शाळेत गेली होती. धनकुंवरबाई लाडू वळत होत्या. त्यांच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं.